गाडीमागचा दिवा

९ नोव्हेंबर २०२५

आजपासून लिहायचं. इंग्लिशमध्ये सुरू केलं होतं, पण दोन पानांतच ते कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टसारखं व्हायला लागलं. फाडलं. मराठीत शुद्धलेखनाचे वांधे आहेत, पण खोटं लिहिलं की निदान मला तरी लगेच कळतं.

तळ पडला. आमच्या विहिरीपलीकडच्या पडीक तुकड्यात दोन दिवसांत सव्वीस कोप्या उभ्या राहिल्या. बांबूच्या कमानी, वर उसाचं वाळलेलं पाचट आणि प्लॅस्टिक. ऊसतोडीवाले, पाथर्डीकडचे. कारखाना सुरू झाला की येतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. दिवसभर नवरा-बायको ऊस तोडतात, गाडी भरतात. मग संध्याकाळी नवरा बैलगाडी घेऊन कारखान्याला जातो आणि बायको कोपीत राहते. गाडी म्हणजे दोन टायर, वर दीड-दोन टन ऊस, आणि मागं काहीच नाही. अंधार पडला की रस्त्यावरून एक काळी भिंत चालत असते.

गेल्या जानेवारीत अशाच एका भिंतीवर पार्थ आदळला. माझा धाकटा भाऊ. पहाटे साडेपाचला बाइकवरून ग्राउंडला चालला होता. आर्मी भरतीसाठी रोज पळायचा. ओढ्याच्या पुलावर गाडी होती, ती त्याला दिसलीच नाही. आता उजव्या मांडीत रॉड आहे, भरती संपली. ओट्यावर बसून मोबाईल बघतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारतो.

मी सुप्याच्या कंपनीत वर्षभर एलइडी फिटिंगच्या लाइनवर होते. सप्टेंबरमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं. घरी बसून अर्ज भरतेय. पण आज ठरवलं. या सीझनला या तळावरच्या प्रत्येक गाडीला मागं दिवा लागला पाहिजे. सव्वीस गाड्या, सव्वीस दिवे. माझ्या डोळ्यांसमोर दुसरा पार्थ व्हायला नको.

११ नोव्हेंबर

डिझाइन झालं! मागच्या बाजूला लाल पट्टी, ती लुकलुकणार. पुढच्या बाजूला एक पांढरा एलइडी, गाडीवानाला बैल जुंपताना उपयोगी पडेल म्हणून. आत जुन्या लॅपटॉपचे सेल. गाडीला नुसता हुकनं अडकवायचा, म्हणजे काढून आमच्या ओट्यावर चार्जिंगला आणता येईल. साधं, स्वस्त, दुरुस्त करता येण्यासारखं.

पप्पांना दाखवला. त्यांनी उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "नोकरीचं बघ बाई. बैलाच्या ढुंगणाला लायटिंग करून कुनाचं भलं झालंय?"

मम्मी हसली. पार्थ हसला नाही. त्यानं दिवा हातात घेतला, चालू-बंद केला, परत ठेवला.

१५ नोव्हेंबर

तळावर जाऊन आले. पहिल्यांदाच. लहानपणापासून विहिरीपलीकडं बघतेय, पण कधी गेले नव्हते.

कल्याण मुकादम भेटला. ही टोळी त्यानंच आणलीय, सगळे त्याच्या शब्दात आहेत. त्यानं सगळ्या गाडीवानांना गोळा केलं. मी माहिती दिली. गोरक्ष म्हणून एक आहे, पंचविशीतला, तो म्हणाला, "म्याडम, दिवा बैलाच्या शिंगाला बी लावा की. लगीन हाय त्याचं." सगळे हसले. मीपण हसले. पण ऐकून घेतलं सगळ्यांनी, प्रश्न विचारले, पावसात चालंल का, बैल बुजंल का. छान वाटलं.

गोरक्षच्या कोपीत चहा झाला. त्याची बायको रेश्मा बावीसची असेल, माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान. तीन महिन्यांची मुलगी आहे. सासू बनुबाई दिवसभर बाळ सांभाळते, रेश्मा उसात असते. आत वाकून शिरावं लागतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला झाकणातून वात घालून चिमणी केली होती. मी विचारलं, रॉकेल कुठून मिळतं? रेश्मा म्हणाली, "कुटलं राकेल ताई, बंद झालं कवाच. डिझेल हाय ते. टॅक्टरवाल्याकडनं घेतो." वास खूप येतो. मोबाईल एकच, तो गोरक्षबरोबर जातो.

बाळ गोड आहे. नाकाखाली काजळ लावलेलं होतं. गालाला लावतात ते माहीत होतं, नाकाखाली लावायची पद्धत नवीनच बघितली. विचारायचं राहिलं.

घरी आले तर पप्पा शिडीवर. ओट्यावरचा फ्लडलाइट गेटकडं वळवत होते. तळावरची पोरं संध्याकाळी त्याच्या उजेडात आमच्या कुंपणाशी येऊन बसतात, ते त्यांना आवडत नाही. "आज उजीड दिला की उद्या वायर मागत्यात," म्हणाले. मी शिडी धरली.

२२ नोव्हेंबर

दिले! सगळे सव्वीस!!

सात वाजता मी आणि पार्थ पुलाच्या कठड्याशी जाऊन उभे राहिलो. त्याला तिथं यायचं नव्हतं, मी ओढून नेलं. आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, मग एक लाल ठिपका दिसला. मग दुसरा. मग रांगच. वळणापासून पुलापर्यंत लुकलुकत येत होती. मागून एक पिकअप जोरात आली, दिवे बघून लांबूनच हळू झाली आणि शिस्तीत बाजूनं गेली.

पार्थला म्हटलं, बघ.

"बघतोय," म्हणाला. "एवढं सोपं होतं का?"

२९ नोव्हेंबर

तळावरच्या बायका आता मला हाका मारतात. रेश्मानं आमच्या म्हशीसाठी उसाच्या वाढ्याची मोठी पेंढी आणून दिली. मी नको-नको म्हणत होते. "ऱ्हाऊ द्या ताई, तुमी लई केलं." बाळ अगदी स्वच्छ दिसत होतं. काजळ लावायचं बंद केलंय वाटतं.

एक प्रॉब्लेम आहे. दिवे चार्जिंगला येतात ते ठार रिकामे. लाल पट्टी एवढा करंट खात नाही, माझ्या हिशोबानं दोन रात्री आरामात जायला हव्यात. कुठंतरी लीकेज आहे.

३ डिसेंबर

लीकेज सापडत नाहीये. चार दिवे खोलले. सगळे रेझिस्टर बदलले, सोल्डरिंग परत केलं. ओट्यावर ठेवला तर दोन रात्री चालतो. तळावर गेला की एका रात्रीत संपतो. थंडीमुळं सेल पडत असतील का? पण थंडी ओट्यावरही आहे.

पार्थ शेजारी बसून बघत होता. "ताई, तू खरंच इंजिनिअर आहेस का गं?" म्हणाला. मी स्क्रू-ड्रायव्हर फेकून मारला.

७ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

संध्याकाळी साडेसहाला ओढ्याच्या पुलावर एक बाइक उसाच्या गाडीवर आदळली. पलीकडच्या वस्तीवरचे मास्तर. मनगट मोडलं, हनुवटीला टाके. मी पोहोचले तेव्हा ते रस्त्यातच बसून होते. मी पहिल्यांदा गाडीच्या मागं गेले. हुक रिकामा. दिवाच नाही.

गोरक्षची गाडी.

मी त्याला विचारलं, दिवा कुठाय? तो बैलाच्या तोंडावरून हात फिरवत राहिला. "इसरला म्याडम."

तशीच तळावर गेले. आणि लांबूनच दिसलं. सव्वीस कोप्या आणि जवळजवळ प्रत्येकीत पांढरा उजेड. पाचटाच्या फटींतून बाहेर येत होता, जमिनीवर रेघारेघा पडल्या होत्या. आतल्या बायकांच्या सावल्या हलत होत्या, कोण भाकरी थापतंय, कोण पोराची वेणी घालतंय, सगळं कळत होतं. एक सेकंद मला ते फार सुंदर वाटलं, हे खरं लिहिते. मग लीकेज आठवलं आणि डोकंच फिरलं. चार रात्री मी रेझिस्टर बदलत बसले होते.

रेश्माच्या कोपीत गेले. दिवा वरच्या बांबूला सुतळीनं बांधला होता, पांढरी बाजू खाली करून. ती तांदूळ निवडत होती. बाळ दिव्याकडं बघत पाय झाडत होतं.

"हा गाडीला का नाही?"

ती उठून उभी राहिली. "ताई, ह्यांनी लावला हुता. गाडी निगताना मीच काढून घेतला."

"का?"

"हितं अंधार हुतो."

"अंधार सगळीकडंच होतो! मास्तरांचा हात मोडलाय. मेले असते तर?"

चुलीशी बनुबाई बसली होती, ती म्हणाली, "मेलं न्हाईत न्हवं?"

"आजी, माझ्या भावाचा पाय गेलाय."

"ठावं हाय की. रोज येतंय लंगडत हितं. पोरास्नी मोबाईलवर गानी लावून दावतंय. ग्वाड पोरगं हाय." पार्थ तळावर जातो हे मला माहीतच नव्हतं. म्हातारी पुढं म्हणाली, "पर बाई, रस्त्यावर तुमची मानसं हायत, कोपीत आमची हायत. दिवा एकच. तूच सांग, कुटं लावू?"

मी म्हणाले, "गाडीसाठी दिलाय तो."

"गाडीसाटी," म्हातारी म्हणाली आणि भाकरी उलटली.

रेश्मानं टाचा उंच करून सुतळी सोडली. "घ्या ताई. तुमचाच हाय." दिवा तिच्या हातात हलला तशा सगळ्या कोपीतल्या सावल्या हलल्या. मी बटण बंद केलं. बाळ रडायला लागलं.

सगळ्या कोप्यांतून गोळा केले. कुणीही नाही म्हणालं नाही. पिशवीत भरून आणले.

८ डिसेंबर

झोप आली नाही. मी बरोबर आहे. दहा वेळा मनाशी मांडून बघितलं, बरोबरच आहे. गाडीचा दिवा गाडीलाच हवा. कोपीतला अंधार त्यांनी आयुष्यभर काढलाय. पुलावर मात्र माणूस मरतो.

पार्थ म्हणाला, "भारी केलंस. आता बाळाच्या अंगावर विंचू चढला तरी दिसणार नाही, पण ट्रॅफिक सेफ."

"तुझ्यासाठीच करतेय ना सगळं!"

"माझ्यासाठी करायचं तर एक वर्ष आधी करायचं होतंस."

मग मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही.

१२ डिसेंबर

नवीन डिझाइन. या वेळी डोकं शांत ठेवून केलंय.

वर छोटं सोलर पॅनल, म्हणजे चार्जिंगला काढायची गरजच नाही. पत्र्याची डबी, गाडीच्या लोखंडी आडव्या पट्टीला रिव्हेट मारून कायमची. पान्यानं निघत नाही, पकडीनं निघत नाही. आणि पांढरा एलइडी काढूनच टाकला. नुसत्या लाल लुकलुकीत कोण तांदूळ निवडणार? नेण्यासारखं काही ठेवलंच नाही की प्रश्न मिटला. सुप्याला आमचे सर म्हणायचे, लोकांना सुधारायला जाऊ नका, डिझाइन सुधारा.

कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना फोटो पाठवले. लगेच फोन आला. "मॅडम, हे आम्हाला हवंय. लेखी द्या."

२१ डिसेंबर

सव्वीसच्या सव्वीस बसले. मी स्वतः मशीननं रिव्हेट मारले, हाताला फोड आलेत.

कल्याण मुकादमानं सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्याच्या गाडीचा दिवा मोडंल, त्याला कारखान्यात नंबर न्हाई. उभा ऱ्हाईल तसाच भरल्या गाडीसंगं." जरा जास्त झालं. पण अशाशिवाय होत नाही, असं तो म्हणतो.

गोरक्ष त्याच्या गाडीशी उभा होता. मी रिव्हेट मारत असताना म्हणाला, "म्याडम, पुडचा पांडरा न्हाई लावला?"

"नाही."

"बैल जुपायला बरा पडायचा," एवढंच म्हणाला.

बायका आता हाका मारत नाहीत. मला थँक्यू नकोच आहे.

४ जानेवारी २०२६

पुलावर चौदा दिवसांत एकही अपघात नाही. पेपरमध्ये बातमी आली, माझ्या फोटोसकट. पप्पांनी चार अंक आणले, सोसायटीत वाटले. "आमची निकिता," म्हणून. बैलाच्या ढुंगणाचं कुणी काढलं नाही.

संध्याकाळी पार्थबरोबर सहज विहिरीवर गेले. रेश्मा पाणी न्यायला आली होती, काखेत बाळ. पुन्हा नाकाखाली काजळ. मी पार्थला म्हटलं, या लोकांची ही काय पद्धत आहे रे?

त्यानं माझ्याकडं असं बघितलं. "काजळ नाही ते. धूर आहे. डिझेलच्या चिमणीचा. सकाळी सगळ्या तळाच्या नाकातून काळं येतं. तुझे पांढरे दिवे होते ते पंधरा दिवस नव्हतं येत."

पंधरा नोव्हेंबरचं पान काढून वाचलं. एकोणतीसचंही. सगळं मीच लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात.

जेवताना पप्पांना विचारलं, मोटरच्या पेटीवरून तळावर एक वायर ओढू का? चार बल्ब.

"मीटर माझ्या नावावर हाय. पाचट हाय तिथं सगळं. कुनाला शॉक बसला, आग लागली, तर कोर्टात मी जाऊ? मुकादमाची मानसं हायत ती, मुकादम बघंल." मम्मी म्हणाली, अहो, लेकरं आहेत. पप्पा म्हणाले, "लेकरं मला दिसत न्हाईत का?"

मी जास्त वाद घातला नाही. त्यापेक्षा मीच कोप्यांसाठी वेगळे पांढरे दिवे करीन, हे ठरवलं. सेल संपलेत. पुढच्या आठवड्यात नगरला जायचंच आहे, तेव्हा आणीन.

१० जानेवारी

नगरला गेले होते. कारखान्याच्या लोकांबरोबर मीटिंग, प्रेझेंटेशन छान झालं. त्यांना सगळ्या गाड्यांना दिवा हवाय.

सेल आणायचे राहिले. दुकान बंद होतं असं घरी सांगितलं. दुकान बंद नव्हतं. मीटिंग लांबली, मग सगळ्यांबरोबर जेवायला गेले, मग शेवटची गाडी. संक्रांतीनंतर परत जाईन.

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन तळावर गेले. रेश्मानं घेतला. "ग्वाड बोला म्हनायचं ना ताई?" म्हणाली आणि हसली. तिला सांगितलं, तुमच्या कोप्यांसाठी पांढरे दिवे करतेय, आठ दिवसांत देते.

"व्हय? मग पयला आमाला द्या. ही अंधारात निजतच न्हाई आता. तुमीच सवय लावली."

१८ जानेवारी

लिहिता येत नाही.

१९ जानेवारी

लिहायला पाहिजे.

काल पहाटे साडेचारला रेश्मा भाकरी करायला उठली. रोज त्याच वेळी उठते. साडेसहाला उसात जावं लागतं. गोरक्ष कारखान्यावर नंबराला होता. तिनं चिमणी पेटवली. बाटली कलंडली की वारा लागला, कुणालाच नीट माहीत नाही. डिझेल खाली, खाली पाचट, भिंतीला पाचट, वर पाचट.

मला खिडकीतून उजेड दिसला. उजाडलं असं वाटलं मला. कूस बदलली. पार्थच्या ओरडण्यानं उठले.

पार्थ माझ्याआधी पोहोचला. रॉड घातलेल्या पायानं पळत. गेल्या वर्षभरात मी त्याला पळताना बघितलं नव्हतं. रेश्मानं बाळाला दारातून बनुबाईकडं टाकलं होतं. बाळ ठीक आहे. पण त्याआधी वाट करायला तिनं दारात पडलेला पेटता बांबू दोन्ही हातांनी बाजूला सारला होता. दोन्ही हात, कोपराच्या वरपर्यंत. मान आणि एक गाल. पार्थनं गोधडी टाकून तिला बाहेर ओढलं. तीन कोप्या गेल्या.

पप्पांनी पिकअप काढली, तिला नगरला नेलं, मी बरोबर होते. हे त्यांनी केलं, लिहायला हवं. रस्त्यात पुढं-मागं सगळीकडं उसाच्या गाड्या होत्या. प्रत्येकीच्या मागं लाल दिवा. पप्पा भरधाव चालवत होते आणि एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही.

२० जानेवारी

आज सकाळी पप्पांनी स्वतः वायर ओढली. मोटरच्या पेटीपासून तळापर्यंत, तीन बांबू पुरले, पाइपमधून नेली, चार बल्ब. मी बांबू धरले. बटण दाबलं, लागले.

वीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं.

कल्याण मुकादम बघत उभा होता. "लई उपकार झालं आण्णा," म्हणाला. बनुबाई जळलेल्या जागेपाशी बाळ घेऊन बसली होती. तिनं वर बघितलंच नाही.

२३ जानेवारी

डॉक्टर म्हणाले जीव वाचेल. हातांची बोटं एकमेकांना चिकटतील, ऑपरेशनं लागतील, तरी कोयता धरता येईल असं वाटत नाही.

नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमानं गोरक्षला सांगितलंय, गावाकडनं बहीण आण, नाहीतर मेव्हणी आण, अर्ध्या कोयत्यावर गाडी ठेवता येणार नाही. मी मुकादमाला भेटायला निघाले होते. पार्थ म्हणाला, "तू नको जाऊस. तुझं ऐकतो तो." मला आधी कळलंच नाही तो असं का म्हणाला. मग मुकादमानं माझ्या दिव्यांसाठी दिलेली नंबराची तंबी आठवली.

२९ जानेवारी

शेतकी अधिकारी घरी आले, पेढे घेऊन. चारशे दिव्यांची ऑर्डर. रिव्हेटवालं मॉडेल. प्रजासत्ताक दिनाला माझं नाव घेतलं म्हणे, मी गेले नव्हते.

मी म्हणाले, सर, डिझाइन बदलायचंय. प्रत्येक गाडीबरोबर कोपीसाठी एक पांढरा दिवा. त्याशिवाय नको.

ते म्हणाले, "चांगला विचार आहे. पण मॅडम, गाडी रस्त्यावर असते. रस्त्यावर काही झालं तर लोक कारखान्याच्या गेटवर येतात. कोपीत काही झालं तर..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं, पेढ्याचा बॉक्स मम्मीकडं सरकवला. "आधी हे होऊ द्या. पुढच्या वर्षी बघू."

मी सही केली.

का केली ते लिहिते. नाही म्हणाले असते तर चारशे गाड्या तशाच काळ्या राहिल्या असत्या. पुलावर एक महिना कुणी मेलं नाही, हेही खरंच आहे. आणि मला नोकरी नाही, हेही. पार्थ ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. अधिकाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "बहिणीनं नाव काढलं बघ." तो म्हणाला, "हो ना. माझा पाय वाया नाही गेला." ते हसले. त्यांना ते कौतुकच वाटलं.

६ फेब्रुवारी

नगर. सकाळी एमआयडीसीत फॅब्रिकेटरला डब्यांचं ड्रॉइंग दिलं. त्यानं विचारलं, पुढच्या बाजूला भोक ठेवायचं का, दुसरा एलइडी बसवायला? मी नको म्हणाले.

दुपारी दवाखान्यात. गोरक्ष नव्हता, तो तळावर. बहीण आलीय त्याची, कालपासून उसात जाते. रेश्माजवळ कुणीच नव्हतं. दोन्ही हात पट्टीत, छातीपासून लांब उशांवर ठेवलेले. उताणीच झोपावं लागतं.

मला ओळखून ती म्हणाली, "बाळ निजतंय का ओ?"

"निजतं. तळावर बल्ब लावलेत आता. चार."

"व्हय? कुनी?"

"पप्पांनी."

ती बराच वेळ वर बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल. काहीतरी म्हणेल, मी ऐकून घेईन, तेवढ्यासाठीच आले होते. ती म्हणाली, "मोटं मन हाय आण्णांचं."

ऑर्डरचा कागद माझ्या पर्समध्ये होता.

मग म्हणाली, "ताई, हितं दिवं बंदच करत न्हाईत. दिस न्हाई रात न्हाई. डोळ्यावरच हाय बगा. झोपच न्हाई चार रोज." बरोबर तिच्या तोंडावर एक जोडट्यूब होती. कूस बदलता येत नाही, आणि डोळ्यांवर घ्यायला हात हलवता येत नाहीत.

मी बटण शोधलं. भिंतीवर नव्हतं. सिस्टरना विचारलं, त्या म्हणाल्या, "सगळ्या वॉर्डाचं एकच आहे, बंद नाही करता येत. पेशंट दिसायला हवेत ना आम्हाला." मी म्हणाले एक ट्यूब काढून ठेवते, मी इंजिनिअर आहे. त्या म्हणाल्या, "हात लावू नका."

मग स्टूल घेऊन बसले आणि तिच्या डोळ्यांवर माझा तळहात आडवा धरला. कपाळाला टेकवला नाही, तिथं दुखत असेल म्हणून, वरच धरला. थोड्या वेळानं तिचा श्वास लांब झाला. झोपली.

हात भरून आला तसा दुसरा धरला. मग परत पहिला. खिडकीबाहेर अंधार पडत होता.

घराकडची, श्रीगोंद्याची शेवटची गाडी साडेसहाला होती. मी हात काढला.